काकू आणि माझ्या पाठीतलं भोक

आमच्या घरमालकीण काकूंना कुणाच्या अंगावर लोंबता दोरा दिसला की त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नसे. तो माणूस ओळखीचा आहे की नाही, साधा आहे की साहेब आहे, त्याने काही फरक पडत नसे. एकदा पवनीच्या बसस्टँडवर भंडाऱ्याची गाडी सुटायच्या बेतात होती. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि काकूंना त्याच्या बाहीचं उसवलेलं टोक दिसलं. झालं! त्यांनी त्याचा हात तसाच वरच्या वर धरून ठेवला, दोरा बोटाला गुंडाळून गाठ मारली, उरलेला दाताने तोडला आणि मग म्हणाल्या, "हं, मार आता घंटी." कंडक्टर इतका गांगरला की तिकीट विचारायचं सोडून त्याने त्यांना नमस्कार केला. मी शेजारच्या सीटवर खिडकीबाहेर बघत बसले होते. ह्या बाई कोण, कुठल्या, मला काही ठाऊक नाही, असा चेहरा करून.

ह्याच बाईंच्या घरी मी काही वर्षं भाड्याने राहिले. कृषी सहायक म्हणून माझी नेमणूक पवनी तालुक्यात, आसगावकडच्या गावांमध्ये होती. माझं घर मात्र तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या जवळ, जिथे मोबाइलला अर्धा वेळ मध्य प्रदेशचा टॉवर लागतो. जिल्हा म्हणायला एकच, पण ह्या टोकावरून त्या टोकाला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून पवनीतल्या विणकरांच्या मोहल्ल्यात खोली.

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न कधी करणार तेही विचारलं नाही. आपल्याकडे ह्या तिन्हींपैकी एकही न विचारता खोली देणारं माणूस शोधून दाखवा! त्यांनी विचारलं, "चपलेचा पट्टा तुटला तं काय करते?" मी खरं ते सांगितलं, नवी घेते. त्यांचा चेहरा पडला. खोली गेली हातची, असं मला वाटलं. तेवढ्यात माझ्या पर्सच्या चेनला लावलेली सेफ्टी पिन त्यांना दिसली. त्यांनी ती पिन बोटाने हलवून पाहिली, पक्की आहे अशी खात्री केली आणि म्हणाल्या, ये मग उद्यापासून.

काकूंच्या खालच्या मोठ्या खोलीत दोन माग होते, काका गेल्यापासून बंद पडलेले. काका विणायचे आणि काकू सांधायच्या. मागावरचा उभा ताणा संपत आला की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेक टोकाला जोडावं लागतं. बोटाला राख लावायची, दोन टोकं जुळवायची, चिमटीत पीळ द्यायचा आणि पुढच्या धाग्याकडे वळायचं, असे शेकडो धागे. काकू हे परकराच्या वयापासून करत आल्या होत्या. मोहल्ल्यात जे थोडे माग अजून चालू होते तिथून त्यांना बोलावणं यायचं. एकदा सांधायला बसल्या की उठेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत आणि एक शब्द बोलत नसत. एरवी त्यांचं तोंड बंद असलेलं मी पाहिलेलं नाही.

ती सवय मागापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण त्यांच्या घरात तुटलेली वस्तू तुटलेली राहूच शकत नसे. अंगणातल्या पाण्याच्या पाइपाला पाइप कमी आणि जोड जास्त होते. बादलीची कडी लुगड्याच्या काठाने बांधलेली. झाडूला झाडू जोडलेला. मी फेकलेला चार्जर त्यांनी कचऱ्यातून उचलून आणला आणि चिकटपट्टीने असा बांधला की तो बिचारा चालायलाही लागला. त्यांनी माणसांनाही सोडलं नव्हतं. समोरच्या घरातले दोन भाऊ एका भिंतीच्या भांडणावरून बोलेनासे झाले, तर काकूंनी दोघांना वेगवेगळा निरोप धाडला, मी फार आजारी आहे, लवकर या. दोघे धावत आले, एकमेकांना बघून जागीच ताठ झाले, आणि काकू ठणठणीत पावलांनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. मग दोघे मिळून काकूंवरच असे उखडले की सगळा मोहल्ला गोळा झाला. ते गेल्यावर मी विचारलं, काय मिळालं काकू तुम्हाला हे करून? त्या उष्टे कप उचलत म्हणाल्या, "माह्यावर रागावताना तं एक झाले ना दोघंही."

भाडेकरूंना नावाने हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती. मागच्या खोलीतला पोस्टातला माणूस "मागचा", आणि मी "वरची". आता माझी बदली साकोलीला झाली, हायवेच्या कडेला चांगलं सिमेंटचं घर आहे, तरी फोन आला की पलीकडून आवाज येतो, "वरची बोलून राहिली का?" आणि मी मुकाट्याने हो म्हणते.

तर, माझ्या पाठीत एक गाठ होती. डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या अंगाला, हात वरून टाका की खालून, बोट पोचणार नाही अशा नेमक्या जागी. कॉलेजात असल्यापासून होती, बोराएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून मी तिला काही म्हणत नव्हते आणि ती मला. पण त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत पीक कापणी प्रयोगांची कामं माझ्या अंगावर आली. पाठीला सॅक लावून दिवसभर स्कूटीवर, धानाच्या ह्या बांधीतून त्या बांधीत. सॅक घासून घासून ती गाठ चिडली. आधी लाल झाली, मग गरम, मग आवळ्याएवढी, आणि एके सकाळी मला ताप होता. मी कुणाला काही बोलले नाही. दुखणं लपवण्यात आमच्या घरच्या बायका पहिल्यापासून हुशार.

पकडलं काकूंनीच. मी एक खांदा वर धरून जिना उतरत होते. त्यांनी खालून पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून वं, अशी तिरपी काहून चालून राहिली? दाखव मले." मी काही नाही म्हटलं. त्यांनी मला जिन्यातच उलटं फिरवलं, कुर्त्याचा गळा मागून ओढून आत पाहिलं आणि एकदम गप्प झाल्या. काकू गप्प झाल्या तेव्हा मी खरी घाबरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. जागा बधिर करून त्यांनी गाठीला चीर दिली आणि आतली घाण काढली. काकूंना बाहेर बसा म्हणून सांगितलं, तर "मले काही होत नाई, तुम्ही करा तुमचं काम" म्हणत त्या माझ्या डोक्याशी उभ्या राहिल्या. सगळं झालं. डॉक्टरांनी पट्टी लावली, हातमोजे काढले, तशा काकू पुढे सरकल्या. टाके राहिले ना!

टाके घालायचे नाहीत, डॉक्टर म्हणाल्या. काकूंना वाटलं बाई विसरल्या. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे भोक उघडंच ठेवायचं. आत गॉजची अरुंद पट्टी सैलसर भरायची, शेपूट बाहेर ठेवायचं. रोज जुनी पट्टी काढायची, जखम धुवायची, नवी भरायची. मांस तळातून भरत वर आलं पाहिजे. वरचं तोंड आधी मिटलं तर आत पोकळी राहते, पुन्हा पू साचतो आणि पुन्हा कापावं लागतं. हे "पुन्हा कापावं लागतं" माझ्या काळजात जाऊन बसलं. बधिर केलं होतं तरी ती सुई, तो दाब, तो वास, मला परत नको होता. काकूंचं वेगळंच चाललं होतं. फाडलेलं फाडलेलंच ठेवायचं, रोज उठून पाहायचं की ते फाडलेलं आहे ना, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना तीच गोष्ट उलटसुलट विचारली.

आता हे रोज करणार कोण? मी दवाखान्याच्या पायरीवर बसून आईला फोन लावला. वहिनी नुकतीच बाळंत झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या घरात वाहती जखम घेऊन कुणी येत नाही, आणि बाळंतिणीला सोडून सासू उंबऱ्याबाहेर पडत नाही. आई रडायलाच लागली. सव्वा महिना होऊ दे माय, म्हणाली, मग ये, नाहीतर मी येतो. तिचंही बरोबर होतं. तान्ह्या जिवाला जपायला नको? पण बरोबर असलं म्हणून काही कमी दुखत नाही. फोन ठेवला आणि मी त्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्याने रडले. काकू शेजारीच उभ्या होत्या. दुसऱ्याचा फोन ऐकण्यात त्यांना कधीच काही गैर वाटलं नाही. त्या वळल्या, तशाच परत आत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मले शिकवा. मी करतो."

डॉक्टरांनी शिकवलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. हातमोजे घालायचे. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, सलाइनच्या पाण्याने भिजवून सुटू द्यायची. नवी पट्टी कोंबायची नाही. ताप आला, लाली पसरली, वास यायला लागला, तर वाट न पाहता इकडे यायचं. काकूंनी सगळं मान डोलावत ऐकलं. निघताना त्यांनी गॉजची पट्टी खिडकीजवळ उजेडात धरली, ताणून पाहिली आणि नाक मुरडलं. असं विरळ कापड काकांनी विणलं असतं तर सूत देणाऱ्या मालकाने मागासकट रस्त्यावर काढलं असतं, असं त्यांचं मत पडलं. डॉक्टरांना हसू आवरेना.

पहिल्या दिवशीच माझ्यावर शंख करायची पाळी आली. मी खाली मागाच्या खोलीत स्टुलावर पाठ करून बसलेली, काकूंचे हात साबणाने स्वच्छ धुतलेले, पट्टी तयार, आणि मी मान वळवून बघते तर त्यांचा अंगठा आणि बोट सरळ राखेच्या वाटीकडे निघालेले! आयुष्यभर धाग्याला हात लावायच्या आधी राख, तशी आताही राख. मी किंचाळले. काकू दचकल्या, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि मलाच वर म्हणाल्या, राख काय घाण असते का वं, देवाची भांडी राखेनंच निघतात. पण वाटी त्यांनी त्या खोलीतून हलवली आणि पुन्हा हात धुऊन आल्या.

त्यानंतर मात्र, खरं सांगते, असे हात मला कधी लागले नव्हते. जुनी पट्टी काढताना त्या पाणी सोडायच्या आणि थांबायच्या. घाई म्हणून नाही. मला कळू नये म्हणून त्या वेळात मोहल्ल्याच्या गोष्टी सांगायच्या, कुणाच्या जावयाने काय खाल्लं, कुणाची सून कुणाशी काय बोलली, आणि गोष्ट रंगात आली की पट्टी निघालेली असायची. गोष्ट अर्धीच राहायची. पुढचं काय झालं विचारलं की म्हणायच्या, उद्याच्या पट्टीले.

माझ्या पाठीची बातमी मोहल्लाभर झाली. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला येताना कुणी रिकाम्या हाताने येत नाही, औषध घेऊन येतं. एक आल्या त्या हळद-लोणी घेऊन, एक करंजाचं तेल घेऊन, आणि एका आजोबांनी तर बिब्बा आणला. बिब्बा! उघड्या जखमेवर! काकू दारातच खुर्ची टाकून बसायच्या. सगळ्यांना चहा पाजायच्या, सगळ्यांची औषधं घ्यायच्या, त्यांचे आभार मानायच्या, आणि एकालाही जिना चढू द्यायच्या नाहीत. डॉक्टरनं सांगतलं तेच करून राहिलो, एवढंच उत्तर. त्या आजोबांशी त्यांचं चांगलंच वाजलं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. बाहेरच्यांपासून त्यांनी माझी जखम अशी राखली की विचारू नका.

आणि घोळ झाला तो बाहेरच्यांकडून नाही, त्यांच्याच हातून.

दुसरा आठवडा लागला होता. ताप गेला होता, दुखणं उतरलं होतं, मी ऑफिसला अर्धा दिवस जायला लागले होते. त्या संध्याकाळी काकूंनी जुनी पट्टी काढली, जखम धुतली आणि वाकून जवळून पाहिलं. मग त्यांचा आवाज आला, "अवं, जुळून राहिली वं!" भोकाच्या दोन्ही कडा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. पट्टी आत जाईना म्हणे, जरा दाबलं तर मी हाय केलं असतं. एवढंसं राहिलं होतं. समोर दोन टोकं, जवळजवळ भिडलेली. त्या बोटांनी जन्मभर जे केलं तेच केलं. त्यांनी कडा चिमटीत जुळवल्या आणि वरून चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या एकीला लागून एक अशा लावल्या. मला पाठ दिसत नव्हती. मला काय कळणार? मी इतकी खूश झाले की विचारता सोय नाही. काकूंनी पातोडीचा रस्सा केला, मागच्या खोलीतल्यालाही वाटीभर दिला, आणि मी आईला फोन करून सांगितलं की जखम जुळली, काकूंनी जुळवली.

दोन दिवस बरे गेले. मग पाठीत ठणका लागला, ओळखीचा, आणि पुन्हा ताप. काकूंनी पट्टी काढून पाहिली. त्यांना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

भंडाऱ्याला जाताना गाडीत समोरच्या बाईच्या पदराला सुटलेला दोरा लोंबत होता, त्याकडेही काकूंनी पाहिलं नाही. डॉक्टरांनी बोट लावलं आणि म्हणाल्या, तोंड मिटलंय, आत साचलंय, उघडावं लागेल. पुन्हा ती सुई, पुन्हा तो दाब. ह्या वेळी बधिर नीट झालं नाही की माझाच धीर संपला होता, कोण जाणे, पण मी टेबलाची कड धरून ओरडले. मध्येच डॉक्टरांनी विचारलं, पट्टी भरणं कुणी बंद केलं? काकू म्हणाल्या, "मीनं." डॉक्टर रागावल्या नाहीत. पुष्कळ लोकांकडून असं होतं, त्या म्हणाल्या, जखम बंद झालेली बघायची सगळ्यांनाच घाई असते. ह्यापुढे रोज मोबाइलवर जखमेचा फोटो मला पाठवा. काकूंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, टेबलाची कड अजून न सोडलेल्या हाताकडे.

घरी आल्यावर काकूंनी एका नर्सबाईंना परस्पर ठरवून टाकलं. रोज येऊन पट्टी करून जायची. माझं जेवण जिन्याच्या तळाशी झाकून ठेवलेलं असायचं. त्या वर आल्या नाहीत. मोहल्ल्यातून सांधायचं बोलावणं आलं तर बरं नाही म्हणून कळवलं. मागच्या खोलीतल्याने मला जिन्यात गाठून विचारलं, काकूंना झालंय काय? पाइपाचा जोड सुटून अंगणभर पाणी झालं, तरी त्या नुसत्या बघत बसल्या होत्या.

नर्सबाई वाईट नव्हत्या. त्यांचं काम स्वच्छ होतं, पटापट होतं. पण पटापट म्हणजे पटापट, पट्टी भिजायची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता, अजून पुष्कळ घरं होती. आणि गोष्ट नव्हती. मी दोन दिवस दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, पट्टी, सलाइन, हातमोजे सगळं एका ताटात घेतलं आणि खाली गेले.

काकू बंद मागाजवळ बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, नर्सबाई आली नाही का? मीच नको म्हटलं, मी सांगितलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"माह्या हातानं पुन्हा बिघडन," त्या म्हणाल्या. "हे हात जोडासाठी आहेत वं. उघडं काही पाहिलं का त्याइले राहावत नाई. मले माहीत होतं, डॉक्टरनं सांगतलं होतं, तरी म्या जोडलं. आता पुन्हा तुह्या पाठीले हात लावाची माही हिंमत नाई."

मी स्टूल ओढलं, त्यांच्यापुढे पाठ केली आणि बसले. म्हटलं, "मला माझी पाठ दिसत नाही, काकू. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा मला धीर होत नाही. बिघडलं तर पुन्हा भंडाऱ्याला जाऊ. तुम्हीच करा."

मी मागे वळून पाहिलं नाही. मग आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि साबणाचा वास आला.

तिथून पुढे जे झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणजे पाठीमागे होत असलं तरी पाहिलं असंच म्हणते. काकूंनी आयुष्यभराची सवय मोडली. रोज मोडली. पट्टी काढायच्या, धुवायच्या आणि जखमेशी बोलायला लागायच्या. अजून नाही, दम धर, राहा उघडी, तुले कोन घाई करून राहिलं? मी हसले की पाठीवर चापट, चांगल्या बाजूला. कडा जवळ आल्या की त्यांचा श्वास अडकायचा, मला मानेवर कळायचं, आणि मग पट्टीचं टोक हळूच आत जायचं, त्या दोन कडांना बाजूला ठेवत. रोज फोटो काढायचा. फोटो काढणं त्यांना जमत नव्हतं. माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवसांतले जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत एका कोपऱ्यात काकूंचा अंगठा आहे. डॉक्टर उत्तर पाठवायच्या, छान, असंच चालू ठेवा, आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या पुन्हा वाच म्हणायच्या.

गोष्टीही सुरू झाल्या. त्या काळात मला मोहल्ल्यातल्या तीन पिढ्यांच्या भानगडी पाठ झाल्या. मध्ये एकदा आईचा फोन आला तेव्हा काकूंनी तो माझ्या हातून घेतला आणि सांगितलं, पहिल्यांदा माह्या हातानं बिघडलं होतं, तुमच्या पोरीनं सांगतलं नसन. मी खरंच सांगितलं नव्हतं. आई पलीकडून काय बोलली ते मला कळलं नाही, पण काकूंनी डोळे पुसले आणि फोन परत दिला.

माणसाची कदर त्याच्या तोंडावर करायची आपल्याकडे रीत नाही. आपण फार तर म्हणतो, बसा, चहा घेऊन जा. म्हणून इथे लिहिते. मला त्या बाईंनी सांभाळलं. चुकल्या, आणि चुकल्यानंतरही सांभाळलं. चुकल्यानंतरचं सांभाळणं कसं असतं ते मला त्यांच्यामुळे कळलं. नवऱ्याच्या मागे एकटीने घर चालवणारी बाई, अंगावरचा दोरा दिसला तरी जिला राहवत नव्हतं, ती एका परक्या मुलीच्या पाठीतलं भोक आपल्या हाताने आठवडेच्या आठवडे उघडं धरून बसली. त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही.

एके दिवशी पट्टी खरोखरच आत जाईना. भोक उथळ झालं होतं, तळ वर आला होता, लालचुटूक. मला आनंद झाला, काकूंना भीती वाटली. त्यांनी वरून नुसतं गॉज ठेवलं, काही चिकटवलं नाही, काही जुळवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही भंडाऱ्याला गेलो.

डॉक्टरांनी मला टेबलावर पालथं झोपवलं. दिवा जवळ ओढून त्यांनी सगळीकडून दाबून पाहिलं. दुखलं नाही. आतून काही आलं नाही. तळापासून भरत आलंय, त्या म्हणाल्या, आता पट्टी भरायची गरज नाही. मी उठायला लागले, तर काकूंनी माझा खांदा दाबून मला तसंच झोपवून ठेवलं. त्यांचं विचारायचं अजून राहिलं होतं. आवाज इतका बारीक होता की क्षणभर त्यांचाच आहे का अशी मला शंका आली.

"मंग आता जुळू देऊ का, डॉक्टरीणबाई?"

"आता जुळू द्या, काकू," डॉक्टर म्हणाल्या.

मी पालथी होते, मला काकूंचा चेहरा दिसत नव्हता. जखमेपासून बोटभर लांब, माझ्या उघड्या पाठीवर त्यांचा तळहात टेकला, आणि डॉक्टरांनी दिवा बाजूला केला तरी तो तिथेच होता.